काय दिसलं ते सांगा

'चांगला आहे, पण फार संथ आहे.' २०२५च्या सप्टेंबरात 'साबर बोंडं' लागला तेव्हापासून हे वाक्य नाशिकमध्ये इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे की आता ते कानावर पडलं तरी माझं डोकं फिरतं. सनडान्सच्या महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवून आलेला, आपल्या शेजारच्या संगमनेरकडच्या खेड्यात घडणारा हा चित्रपट. वडील वारले म्हणून आनंद मुंबईहून गावी येतो. सुतकाचे दहा दिवस, लग्नाचा विषय काढणारे नातेवाईक, आणि बाळ्या नावाचा बालपणीचा मित्र. रोहन कानवडे यांनी कॅमेरा बहुतेक वेळा जागचा हलवलेला नाही, पार्श्वसंगीत तर दिलेलंच नाही. सुतकाच्या घरात वेळ असाच जातो. माणसं येतात, भिंतीला टेकून बसतात, आधीच्याने विचारलेलं पुन्हा विचारतात आणि उठून जातात. ज्याने आपल्या घरी दहावं-तेरावं केलं आहे, त्याने ही गती पहिल्या पाच मिनिटांत ओळखायला हवी. आणि तोच माणूस बाहेर येऊन संथ म्हणतो.

हे मी समीक्षकांबद्दल लिहीत नाही. अरुण खोपकरांनी १९८५मध्ये गुरुदत्तवर जे पुस्तक केलं, त्या तोलाचं काम मराठीत मोजकं होतं आणि मोजकंच राहणार. तारे वाटणाऱ्या परीक्षणांबद्दल बोलण्यासारखं काही नाही. माझा विषय आहे तिकीट काढून जाणाऱ्या आणि जेवताना मालिका लावणाऱ्या माणसाचं मत. तेही एक कसब आहे. ते आपल्याकडे होतं, काही ठिकाणी अजून जोरात आहे, आणि चित्रपटाच्या बाबतीत मात्र झपाट्याने मरतं आहे.

होतं म्हणतो ते उगीच नाही. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'नंतर आपलं बस्तान नाशिकला हलवलं. १९१७च्या त्यांच्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. राम पडद्यावर आला की प्रेक्षक पादत्राणं काढून हात जोडत, असं सांगतात. त्याला कोणी भाबडेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. साळुंक्यांचे पुरुषी दंड सीतेच्या वेषातही लपत नव्हते आणि ते लोकांना दिसत होतेच. तरी कोणत्या क्षणी हात जोडायचे, हे त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. समोर काय आहे ते पाहून दिलेला तो प्रतिसाद होता.

आज तसा प्रतिसाद मला सर्वांत जिवंत आढळतो तो मालिका पाहणाऱ्या बायकांमध्ये. हे वाक्य वाचून नाक मुरडणारे बरेच असतील. त्यांनी एखाद्या संध्याकाळी गंगापूर रोडच्या किंवा सिडकोतल्या सोसायटीच्या बाकावर जाऊन बसावं. 'आई कुठे काय करते' २०१९च्या डिसेंबरात सुरू झाली आणि २०२४मध्ये संपली. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर अरुंधती अनिरुद्धपासून घटस्फोट घेते आणि पुढे आशुतोषशी लग्न करते. या एका लग्नावर मी जी भांडणं ऐकली, त्यांची बरोबरी करेल अशी चर्चा त्या पाच वर्षांत कुठल्याही मराठी चित्रपटावर माझ्या कानी आली नाही. 'सोडलं ते बरोबरच केलं. पण मग त्याच घरातलं सगळं अजून हीच का निस्तरते?' असं एक काकू म्हणाल्या. 'लेखक घाबरलाय. तिला पूर्ण बाहेर काढलं तर आपण बघणार नाही असं वाटतंय त्याला,' असं दुसऱ्या म्हणाल्या. ते ऐकून मी थांबलोच. पात्राचं वागणं, त्यामागची लेखकाची भीती आणि त्या भीतीमागचा प्रेक्षक हे तिन्ही एका दमात पकडले होते त्यांनी.

या बायका कारागिरीही जाणतात. तीन वेळा चेहऱ्यावर झूम आणि वर संगीत आलं की त्या आठवड्यात काही घडणार नाही, सगळं रविवारच्या महाएपिसोडसाठी राखून ठेवलंय, हे त्या आधीच सांगतात. दाराआडून कोणी ऐकलं की गुपित किती दिवस ताणणार याचा अंदाज त्यांना असतो. कलाकार बदलला तर नव्या बाईला जुन्या बाईसारखं गप्प बसता येत नाही, असं त्या म्हणतात. गप्प बसणं हा अभिनयाचा भाग आहे, हे कुठल्याही कार्यशाळेत न जाता त्यांना उमगलेलं असतं. मालिका बहुतांशी टाकाऊ आहेत, हे मान्य. पण टाकाऊ गोष्टीवरही धारदार बोलता येतं आणि उत्तम गोष्टीवर बोथट, हाच तर माझा मुद्दा आहे. टीआरपी फक्त किती घरांत लावलं ते मोजतो. त्या घरांत काय बोललं गेलं, ते वाहिन्यांनी कधी ऐकलंच नाही.

दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. मालेगावात नासिर शेख यांचं व्हिडिओ पार्लर होतं. समोर बसणारे यंत्रमाग कामगार कुठे शिट्टी मारतात आणि कुठे उठून जातात, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं आणि मग स्वतःच चित्रपट केले. 'मालेगाव के शोले'त घोड्यांऐवजी सायकली आल्या, आगगाडीच्या जागी बस आली. सायकलवरून ट्रॉली शॉट आणि बैलगाडीची क्रेन हे फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात दिसतं. लोक त्याकडे गंमत म्हणून पाहतात आणि २०२५च्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'नंतर कौतुकही झालं. मी मात्र ते प्रेक्षकाचं मत म्हणूनच पाहतो. 'शोले'त घोडा गेला तरी चालतो, गब्बरचा दरारा गेला तर चालत नाही, हा निर्णय आहे. शेख यांच्याच आणखी एका चित्रपटात मालेगावच्या सुपरमॅनला दमा असतो आणि खलनायकाला घाण प्रिय असते. आपल्या गावात या नायकाने कशाशी लढावं, याचं इतकं नेमकं उत्तर कुठल्या लेखात मिळेल?

   

आता चित्रपटाकडे. इथे प्रेक्षकाने स्वतःची जीभ गहाण टाकली आहे. 'वन टाइम वॉच', 'पैसा वसूल', 'सेकंड हाफ पडतो' ही सगळी वितरकाची आणि गल्ल्याची भाषा. ती प्रेक्षकाने का बोलावी? 'सैराट'बद्दल आजही सर्रास ऐकू येतं की मध्यंतरापर्यंत मस्त, नंतर कंटाळवाणा. नंतर काय होतं? आर्ची हैदराबादला कारखान्यात कामाला लागते, परशा डोशाच्या गाडीवर राबतो, संशय आणि भांडणं होतात, हळूहळू घर उभं राहतं. पाटलाच्या पोरीने झोपडीत राहायला शिकण्याचा तो सगळा भाग कंटाळवाणा असेल, तर शेवटी रक्ताची पावलं उमटवत बाहेर पडणाऱ्या पोराचं दुःख तुम्हाला नेमकं कशाचं झालं? 'कोर्ट'मध्ये न्यायालयाचे दिवे एकेक करून विझतात, काळोख होतो आणि लोक खुर्चीतून उठू लागतात. चित्रपट त्यानंतर न्यायाधीशांच्या सहलीत जातो. बाकावर डुलकी घेणारे न्यायाधीश झोपमोड करणाऱ्या मुलाला थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. खटल्याचा निकाल तिथे आहे. 'रेंगाळला' म्हणणाऱ्याने तो पाहिलेलाच नसतो.

'गोदावरी'ची गोष्ट मला जास्त लागते, कारण ती आपल्या घाटावरची आहे. निखिल महाजन यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गावात मात्र एकीकडे 'संथ' आणि दुसरीकडे 'आपल्या नाशिकचा आहे, बघायलाच हवा', एवढीच दोन मतं. दुसरं मत मला पहिल्याहून घातक वाटतं. मराठी म्हणून बघा, आपल्या गावचा म्हणून बघा, मराठी सिनेमा जगवा. हे चित्रपटाला वर्गणी मागण्यासारखं आहे. वर्गणी दिलेला माणूस पाहत नाही, पावती घेतो. एवढ्या गर्दीत पंचवटीतल्या एका दुकानदाराचं बोलणं मला खरं वाटलं. ते म्हणाले, 'दर महिन्याला दारोदार भाडं मागणारा माणूस कोणाचाच नसतो. लोकांवर चिडता येत नाही, म्हणून तो नदीवर चिडतो.' पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं ते पाहणारा हा माणूस. नायकाचं आणि पाण्याचं नातं त्यांनी दोन वाक्यांत उलगडलं, आणि चित्रपट चांगला की वाईट हे सांगितलंसुद्धा नाही.

ज्याला पडद्यावरचं जगणं माहीत आहे, त्याच्याइतका अधिकार कोणाचाच नाही, हे मी ठामपणे म्हणतो. काकूंना संसार माहीत आहे म्हणून त्या अरुंधतीच्या लेखकाला धरतात. मग सुतक, कोर्टाच्या तारखा, परगावी काढलेली भाड्याची खोली हेही आपल्याला माहीत असतंच. चित्रपटगृहात शिरताना ती माहिती आपण बाहेर ठेवतो आणि गल्ल्यावरच्या माणसाचे शब्द घेऊन बाहेर पडतो. असं का, याचं एक कारण मला दिसतं. मालिकेवर बोलायला रोज कोणीतरी समोर असतं. चित्रपट संपला की लोक थेट पार्किंगकडे चालू लागतात आणि मत उरतं ते गाडी काढेपर्यंतचं.

म्हणून नाशिकमध्ये चित्रपट दाखवणाऱ्या प्रत्येक मंडळाला, महाविद्यालयाला आणि १८४०पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाला माझी विनंती आहे. चित्रपटानंतरचा अर्धा तास प्रेक्षकांसाठी ठेवा. पाहुण्याचं भाषण नको, सत्कार नको, दिग्दर्शकाला बोलावलंच तर त्यालाही ऐकायला बसवा. आणि माईक देताना 'कसा वाटला?' असं विचारू नका, 'काय दिसलं?' असं विचारा.