उपज आणि सिद्ध तार : दिल्लीतील प्रायोगिक संगीताच्या निमित्ताने

दक्षिण दिल्लीतील खिडकी एक्स्टेन्शन येथे 'खोज' ही 1997 मध्ये स्थापन झालेली कलासंस्था आहे. तिच्या ध्वनिकलाविषयक उपक्रमांतून आणि 2010 नंतरच्या दशकात ईश शेरावत यांच्या 'साउंड रीझन्स' महोत्सवातून राजधानीत एका अपरिचित श्रवणव्यवहाराला जागा मिळाली. तालवाद्ये, तारांत वस्तू अडकवून नाद पालटलेली तंतुवाद्ये आणि वादकाने स्वतः जोडलेली सर्किटे यांतून आयत्या वेळी घडणारे संगीत हे या व्यवहाराचे एक टोक होय. त्याविषयीचे मत बहुधा दोनच प्रकारचे असते. एक, हे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे; दुसरे, हे आपल्याकडे पूर्वीपासून होतेच. दोन्ही मते तौलनिक अभ्यासाला फारशी उपयोगी नाहीत.

1946 मध्ये पखवाजवादन जाणणाऱ्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या आणि जॉन केज याच्याशी त्यांची विद्येची देवघेव झाली. त्यांनी भारतीय संगीत शिकवले, त्याने पाश्चात्त्य संगीतातील काउंटरपॉइंट शिकवले. त्याच काळात, 1946 ते 1948 या वर्षांत, केजने 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' ही प्रिपेअर्ड पियानोसाठीची रचनामाला लिहिली. पियानोच्या 45 स्वरांच्या तारांत स्क्रू, बोल्ट, रबर बसवून त्याने त्या वाद्याला जणू तालवाद्यसमूहाचे रूप दिले. या रचनांतून भारतीय परंपरेतील स्थायीभाव व्यक्त करावयाचे, हा त्याचा हेतू होता. मात्र त्याला ते स्थायीभाव आनंद कुमारस्वामी यांच्या इंग्रजी विवेचनातून भेटले होते. भरताचा विचार केजपर्यंत पोहोचला तो भाषांतरित आणि निवडक स्वरूपात. पुढे 1964 मध्ये मर्स कनिंगहॅमच्या नृत्यसंघाबरोबर केज व डेव्हिड ट्यूडर मुंबई, अहमदाबाद, चंडीगढ आणि दिल्ली येथे येऊन गेले, तेव्हा तो विचार ओळखू न येण्याइतका बदललेला होता.

तारेत वस्तू बसवणे ही कल्पना भारतीय श्रोत्याला वाटते तितकी परकी नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा नेमके हेच करतो. तो किंचित पुढेमागे केला की तारेचा नाद खुलतो किंवा मिटतो. मिरजेचा कारागीर घोडी घासून जवारी काढतो, आणि गायक मैफलीपूर्वी त्या दोऱ्याशी झटत बसतो. (ही झटापट श्रोत्यांना कंटाळवाणी वाटते, हे मान्यच करावे लागेल.) परंतु दोऱ्याचे उद्दिष्ट षड्जाची उपस्वरसमृद्धी हे असते, तर बोल्टचे उद्दिष्ट स्वराची ओळख पुसणे हे असते. कृती सारखी, पण प्रयोजन उलट. म्हणून 'आपल्याकडे होतेच' हे मत टिकत नाही.

खरे साम्य अन्यत्र आहे. हिंदुस्थानी संगीतातील उपज कधीच निराधार नसते. राग, ताल आणि बंदिश यांनी आधीच आखलेल्या क्षेत्रात ती उगवते. 'उत्स्फूर्त' हा मराठीत रूढ झालेला प्रतिशब्द हे क्षेत्रच दृष्टिआड करतो. या नव्या संगीतात राग नाही; तथापि आधी आखलेले काहीच नाही, असे म्हणता येत नाही. कोणती तार कोठे अडवली, सर्किट कोणत्या मर्यादेपर्यंत ताणले जाईल, हे वादनापूर्वी ठरलेले असते. रागाचे स्थान येथे वाद्याच्या सिद्धतेने घेतले आहे. केजला आयत्या वेळच्या निर्मितीविषयी दीर्घकाळ अविश्वास होता. ती वादकाच्या स्मृतीवर व आवडीनिवडीवर विसंबते, असा त्याचा आक्षेप. 1977 च्या 'इनलेट्स'मध्ये त्याने पाणी भरलेले शंख वापरले. शंख कलता केला तरी गुळगुळ केव्हा उमटेल हे वादकाला सांगता येत नाही. वाद्य वादकाचे पूर्णपणे ऐकत नाही, अशा ठिकाणीच त्याला ही निर्मिती मान्य झाली. घरी जोडलेल्या सर्किटांचा स्वभावही काहीसा असाच असतो.

अडचण उद्भवते ती दाद देण्याच्या ठिकाणी. राग गायकाइतकाच श्रोत्याच्याही मालकीचा असतो, म्हणून समेवर मान हलते. सर्किटाचे नियम मात्र बनविणाऱ्यालाच ठाऊक. 1956 मध्ये दिल्लीतच निधन पावलेल्या बा. सी. मर्ढेकरांची संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे येथे काही अंशी साहाय्यभूत होतात. विजेच्या 50 हर्ट्झच्या गुणगुणीवर खरवडलेल्या तारेचा आघात आला की विरोधलय स्पष्ट ऐकू येते. समतोलाचा प्रश्न अधिक बिकट आहे. प्रयोग कोठे संपावा याची अपेक्षाच श्रोत्याच्या मनात तयार झालेली नसते, आणि पुष्कळ सादरीकरणे या दोषामुळे लांबत जातात. अशा वेळी 'वेगळे आहे' एवढा अभिप्राय देऊन थांबणारी समीक्षा कलावंतावर अन्यायच करते.

ध्वनिमुद्रणाने ही स्थिती काहीशी बदलते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ट्यूडरने 1969 मध्ये मूग सिंथेसायझर उभा केला. तेथे 1972 पर्यंत झालेल्या प्रयोगांची निवडक मुद्रणे 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. ती दुसऱ्यांदा ऐकताना श्रोत्याजवळ अपेक्षा असते, कारण पुढचा आघात त्याला आठवत असतो. दाद तेथे शक्य होते. परंतु ज्याला दाद मिळते ते एव्हाना निबद्ध झालेले असते.