नकाशा कोणाच्या हातचा?

काल्पनिक जगांचे नकाशे आज निघतात तितके देखणे पूर्वी कधी निघत नव्हते, आणि तितके एकसारखेही नव्हते. जाडजूड फँटसी कादंबरी उघडली की पहिल्याच जोडपानावर एक खंड पसरलेला असतो. डावीकडे समुद्र, वर बर्फ, मधोमध डोंगररांग, कोपऱ्यात एक ओसाड, भीतीदायक मुलूख. कागद मुद्दाम पिवळा केलेला, कडा जळक्या. डायना विन जोन्स या ब्रिटिश लेखिकेने १९९६ साली ‘द टफ गाइड टू फँटसीलँड’मध्ये या सगळ्याची यथेच्छ टिंगल केली होती. नकाशावर जेवढी ठिकाणे आहेत तेवढी पायाखाली घातल्याशिवाय तुमची सुटका नाही, हा तिचा टोमणा आजही तितकाच लागतो.

याचे खापर टोल्किनवर फोडायची पद्धत आहे. ते अर्धेच खरे. १९३७च्या ‘द हॉबिट’मध्ये त्याने स्वतः काढलेले दोन नकाशे आहेत आणि त्यांतला थ्रोरचा नकाशा मला या कलेतला सर्वांत हुशार नमुना वाटतो. त्यात पूर्व दिशा वर आहे, कारण तो काढणाऱ्या ड्वार्फ लोकांची रीतच तशी. कडेला एक हात काढलेला आहे आणि त्याचे बोट डोंगराच्या चोरदरवाजाकडे आहे. काही अक्षरे तर ठरावीक तिथीच्या चंद्रप्रकाशातच उमटतात. ही अक्षरे पानाच्या मागच्या बाजूला छापावीत, म्हणजे वाचकाने पान उजेडापुढे धरल्यावरच ती दिसतील, अशी टोल्किनची इच्छा होती. छापताना ती सरळ दर्शनी बाजूलाच आली. पण एवढे उणे धरूनही हा नकाशा कोणीतरी, कोणासाठी तरी, कशासाठी तरी काढलेला आहे. आजोबांकडून वडिलांकडे आणि पुढे नातवाच्या हाती येताना त्याचा अर्थ हरवला आहे, आणि कथा तिथून चालू होते.

पुढच्यांनी नक्कल केली ती मात्र ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या नकाशाची. तो टोल्किनचा मुलगा क्रिस्टोफर याने काढला. हा नकाशा जग वरून पाहतो. पाहणारा कोण, ते कळत नाही. आपण नकाशापासून सुरुवात केली आणि कथा त्यात बसवली, असे टोल्किनने लिहून ठेवले आहे. कोण किती दिवसांत किती चालेल, त्या रात्री चंद्र कोणत्या कलेचा असेल, इथपर्यंत त्याचा हिशेब होता. नकलाकारांनी डोंगर उचलले, हिशेब तिथेच ठेवला. १९५५च्या तिसऱ्या खंडात गोंडोर आणि मॉर्डोरचा समोच्चरेषांचा नकाशा आहे. टोपोशीटवर बोट फिरवत गडवाटा शोधणारा आपल्याकडचा भटक्या त्यात सहज रमेल. त्याची नक्कल फारशी कोणी केलेली दिसत नाही.

गेल्या काही वर्षांत हौशी नकाशाकारांच्या हाती भारी साधने आली. ‘वंडरड्राफ्ट’ किंवा ‘इंकार्नेट’मध्ये डोंगरांचे तयार ठसे मिळतात, कर्सर ओढला की सह्याद्रीएवढी रांग उभी. ‘अझगार’चा मोफत जनरेटर तर उंची, वारा, पाऊस, नद्या, राज्ये सगळे स्वतःच मांडून क्षणात अख्खे जग देतो. त्याबरोबर भूगोलाचे एक सोवळेही आले: नदी उताराकडे जाताना फुटत नाही, तळ्याला एकच निचरा असतो, डोंगर काटकोनात वळत नाहीत. हा शेवटचा आक्षेप मॉर्डोरवर घेतला जातो, आणि तो बिनतोड आहे.

पण सोवळे म्हणजे समज नव्हे. एखाद्या नवख्याने असा नकाशा काढला की नदी पश्चिम समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर उगम पावते आणि त्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर वाहत पूर्व समुद्राला जाते, तर त्याची शिकवणी घेतली जाईल. ती गोदावरी आहे. पठार पूर्वेकडे कलते आहे, एवढे साधे तिचे कारण. व्हेनेझुएलातली कासिकियारे तर ओरिनोको नदीतून फुटून रिओ नेग्रोमार्गे ॲमेझॉनला पाणी नेते. असे अपवाद आणि त्यांची कारणे, यांतूनच बंदरे, घाटवाटा, जकात नाकी आणि भांडणे निघतात. तयार ठशांतून काढलेल्या नकाशात नदी बिनचूक असते आणि तिच्याकाठी काही घडत नाही.

दुसरे दुखणे प्रकाशन व्यवहाराचे. हस्तलिखित पुरे झाल्यावर चित्रकाराला नावांची यादी मिळते आणि तो ती खंडावर मांडतो. ‘ट्रेझर आयलंड’चा नकाशा स्टीव्हन्सनने आधी काढला आणि गोष्ट त्यातून उगवली. तो मूळ कागद प्रकाशकाकडे जाताना गहाळ झाला, म्हणून छापील मजकुरातले तपशील वेचून नवा काढावा लागला. हा दुसरा नकाशा आपल्याला कधीच खरा वाटला नाही, असे त्याने पुढे लिहिले. आजचे बहुतेक नकाशे या दुसऱ्या जातीचे आहेत. अर्सुला ले ग्विनने ‘अर्थसी’चा द्वीपसमूह आधी काढला, बेटांना नावे दिली आणि मग गोष्ट लिहिली. १९६८पासून आलेल्या तिच्या सगळ्या पुस्तकांत मिळूनही कित्येक बेटांवर कोणी पाऊल ठेवत नाही. जोन्सबाईंच्या टोमण्याला याहून चांगले उत्तर नाही.

खरी हालचाल सध्या व्हिडिओ गेममध्ये दिसते. ‘हॉलो नाइट’ या २०१७च्या गेममध्ये नव्या भुयारात उतरलात की तुमच्याकडे नकाशाच नसतो. वाटेत कागदाचे कपटे पडलेले दिसतात, कुठूनतरी गुणगुणणे ऐकू येते, त्या मागावर गेलात की कॉर्निफर नावाचा नकाशाकार भेटतो. त्याच्याकडून विकत घेतलेला नकाशा अर्धवटच असतो. उरलेला भरायला त्याच्या बायकोच्या दुकानातून टाक घ्यावा लागतो, आणि तोही बाकावर टेकलात की मगच चालतो. नकाशावर आपण कुठे आहोत हे पाहायलाही निराळा ताईत. तोवर वाट चुकणे आलेच, आणि चुकल्यामुळेच ती जागा अंगवळणी पडते. शेकडो खुणांनी बरबटलेले नकाशे देणाऱ्या महागड्या गेमना हे का सुचत नाही, कोण जाणे.

कादंबरीतही थोडी जाग आहे. ब्रँडन सँडरसनच्या पुस्तकांसाठी आयझॅक स्टुअर्ट जे नकाशे काढतो, त्यांतले काही त्या जगातल्या माणसांनीच केलेले असतात; राजाच्या मोजणीदारांचा नकाशा राजाला हवे तेच दाखवणार. मात्र अशा नकाशाने खोटे बोलावे, इथवर अजून फारसे कोणी जात नाही. शेजारच्या दोन राज्यांनी एकाच सीमाभागाचे दोन नकाशे काढावेत, एकात गाव आपले, दुसऱ्यातही आपलेच, नावे वेगळी, आणि दोन्ही पुस्तकात समोरासमोर छापलेले. ‘बेळगाव’ आणि ‘बेळगावी’ ऐकत वाढलेल्या मराठी लेखकाला यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर लागू नये.