चित्रकथेतील बिऱ्हाड

चित्रकथेने मुलांचे मन रमवावे. घरमालक, भाडेकरू आणि राजकारण यांच्या भानगडीत तिने पडू नये, असे मानणारा एक पक्ष आपल्याकडे आहे. ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा फडके-खांडेकरांचा वाद आपण कादंबरीच्या संदर्भात पुष्कळ चघळला. चित्रकथेच्या वाट्याला तो फारसा आला नाही, कारण तिला कला म्हणण्याचीच आपली तयारी नव्हती. ‘भीमायन’ या इंग्रजी चित्रकथेच्या निमित्ताने तो विचार आता करावयास हवा.

२०११ साली ‘नवयान’ने प्रसिद्ध केलेल्या या पुस्तकाची संहिता श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांची असून चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची आहेत. पाणी, निवारा आणि प्रवास अशा तीन भागांत डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातील प्रसंग येतात. यांतील ‘निवारा’ हा भाग बदलीच्या गावी बिऱ्हाड शोधलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावा असा आहे.

शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे आंबेडकर १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. महालेखापालांच्या कचेरीत त्यांची नेमणूक होती. अस्पृश्य म्हणून त्यांना कोठे जागा मिळेना. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. दोन मित्रांनी आसरा देण्याचे टाळले आणि संस्थानच्या या अधिकाऱ्याला कामाठी बागेत बसून परतीच्या गाडीची वाट पाहावी लागली. सरकारी बंगल्यासाठी केलेला त्यांचा अर्ज तोवर एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत होता, असे त्यांनीच आपल्या आठवणींत नोंदविले आहे.

या हकीकतीतून राजकारण वगळावयाचे म्हटले, तर शिल्लक काय राहते? गाडी चुकलेला एक प्रवासी! येथे राजकीय आशय कथेवर बाहेरून लादलेला नाही. तोच कथेचा कणा आहे.

व्याम दांपत्याने तो रेषेत उतरविला आहे. विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे, सौम्य बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे. चित्रकथेच्या रूढ चौकटीही त्यांनी नाकारल्या, कारण चौकटीत पात्रे गुदमरतात, असे त्यांचे म्हणणे. ज्याला गावाने घर नाकारले, त्याला चित्रकारांनी कोंडून ठेवले नाही, ही या पुस्तकाची खरी टीका होय.

याउलट बसथांब्यावरील आजच्या काळातील संवाद, ज्यात आरक्षणाविषयी कुरकुरणाऱ्या तरुणाला हा इतिहास सांगितला जातो, तो मात्र पाठ्यपुस्तकी वाटतो. त्यामागील हेतू योग्यच आहे. ही गोष्ट जुनी झालेली नाही, हे दाखविणे आवश्यक होते. परंतु नांगीने जे क्षणात सांगितले, तेच संवाद पुन्हा समजावीत बसतो. दोष संदेशाचा नव्हे, चित्रावरील अविश्वासाचा आहे.

चंडीगढमध्ये सरकारी घरांच्या श्रेणी पद आणि वेतन पाहून आखल्या गेल्या. तेथे अर्जदाराची जात विचारण्याचे कारण नाही. खाजगी घर पाहू लागताच मात्र आजही अनेक शहरांत आडनाव आणि आहार यांची चौकशी सुरू होते. ही चौकशी कागदावर क्वचितच उमटते. जे कागदावर उमटत नाही, ते चित्राने दाखवावे, यात चित्रकथेची पायरी सोडण्यासारखे आम्हांस काही दिसत नाही.