पूर्वसंशोधनाचा आढावा : नोंद आणि निवाडा

शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांतील दुसरे प्रकरण बहुधा पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे असते. परीक्षक म्हणून ते वाचण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना त्याचा साचा सांगावयास नको. प्रत्येक परिच्छेद एका संशोधकाच्या नावाने उघडतो. उद्दिष्टे, नमुना, साधने व निष्कर्ष ह्या ठरीव क्रमाने चालतो, आणि पुढच्या नावाला जागा करून देऊन मिटतो. अखेरीस 'प्रस्तुत विषयावर ह्या जिल्ह्यात संशोधन झालेले नाही' असे एक वाक्य येते व आढावा संपला असे मानले जाते. ही नोंदवही होय, आढावा नव्हे.

ह्या साच्याला एक कारण होते. जुने प्रबंध ग्रंथालयांच्या कपाटांत बंद असत. १९७४ साली एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली बडोद्याहून भारतीय शिक्षणसंशोधनाचे पहिले सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. त्यातील सारांशांवर विसंबणे त्या काळी अपरिहार्य होते. आता 'शोधगंगे'वर असंख्य प्रबंध समग्र वाचावयास मिळतात. तरीही सारांशावरून सारांश उतरविण्याची सवय गेलेली नाही.

साच्यामुळे नेमके काय हातचे जाते, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसेल. रोझेन्थाल व जेकबसन यांचा शिक्षकांच्या अपेक्षांविषयीचा ग्रंथ १९६८ साली निघाला. काही मुले लवकरच बुद्धीने पुढे येतील असे शिक्षकांना सांगितले होते. वस्तुतः ती मुले यदृच्छेने निवडलेली होती. खालच्या दोन इयत्तांत त्यांच्या बुद्ध्यंकात लक्षणीय वाढ दिसली. त्याच वर्षी रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी त्यातील बुद्धिमापनावर कठोर आक्षेप घेतले. पुढील प्रयोगांत कोठे परिणाम आढळला, कोठे आढळला नाही. आमचा विद्यार्थी येथे 'निष्कर्षांत एकवाक्यता नाही' असे लिहून पुढे जातो. आणि मार्गदर्शकही त्याला पुढे जाऊ देतो, हे नमूद केलेच पाहिजे.

१९८४ साली स्टीफन राउडेनबुश यांनी असे अठरा प्रयोग एकत्र ठेवून निराळाच प्रश्न विचारला : ही माहिती मिळण्यापूर्वी शिक्षक त्या मुलांना किती दिवस ओळखत होता? ओळख जेमतेम आठवड्याची असेल तेथे परिणाम दिसे. दोन आठवड्यांहून अधिक असेल तेथे तो जवळजवळ शून्यावर येई. परस्परविरोधी वाटणाऱ्या निष्कर्षांची संगती अशी लागली. लक्षात घ्यावयाचे ते हे, की हा तपशील कार्यपद्धतीच्या वर्णनातला, म्हणजे आमच्या चार ठरीव रकान्यांत ज्याला जागाच नाही असा. सारांश करताना तोच प्रथम गळला असता.

एम.एड.च्या विद्यार्थ्याजवळ वेळ थोडा असतो, हे मान्य. पण मग पन्नास सारांशांऐवजी दहाच अभ्यास मुळातून वाचण्यास त्याला मुभा का नसावी? 'जिल्हा बदलला' म्हणजे संशोधनातील उणीव सापडली, ही समजूतही तेवढ्याने ढिली होईल. वरील अठरा प्रयोगांचा इत्यर्थ ध्यानी घेणाऱ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत गेल्यावर निराळेच काही विचारावेसे वाटेल : एकच शिक्षक पहिलीपासून चौथीपर्यंत तीच मुले शिकवीत असेल ती शाळा, आणि बदलीमुळे वर्षारंभी अनोळखी शिक्षक वर्गात आला असेल ती शाळा, ह्या दोहोंत मुलांविषयी शिक्षकाची पहिली मते कशी बनतात, आणि ती किती दिवस टिकतात?