मक्याच्या दाण्यावरचे ठिपके

बार्बरा मॅक्लिंटॉक यांची गोष्ट तुम्ही एखाद्या रीलमध्ये ऐकली असेल. एक बाई मक्याच्या शेतात एकटीच राबते, जनुकं आपली जागा बदलतात असं १९५१ साली भर परिषदेत सांगते, लोक तिला वेड्यात काढतात आणि ३२ वर्षांनी, वयाच्या ८१व्या वर्षी, तिला नोबेल मिळतं. मागे हळुवार पियानो.

ही गोष्ट घरोघरी पोचवण्यात एका पुस्तकाचा मोठा हात आहे. एव्हलिन फॉक्स केलर यांनी लिहिलेलं मॅक्लिंटॉक यांचं चरित्र, ‘अ फीलिंग फॉर द ऑर्गॅनिझम’, १९८३ साली आलं आणि त्याच वर्षी नोबेल जाहीर झालं. याहून मोठी जाहिरात कुठल्या पुस्तकाच्या नशिबी असणार! पुस्तक मला आवडतं. पण ते ज्या गोष्टीसाठी गाजलं, तीच त्यातली कच्ची बाजू आहे असं माझं मत आहे.

आधी मका. रंगीत मक्याच्या एखाद्या दाण्यावर फिक्या रंगात जांभळे ठिपके दिसतात. दाण्याला रंग देणाऱ्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसला की ते जनुक बंद पडतं आणि दाणा फिका राहतो. पण दाणा भरत असताना एखाद्या पेशीत तो तुकडा तिथून निघून गेला, तर जनुक पुन्हा चालू होतं आणि त्या पेशीची सगळी पिल्लावळ जांभळी होते. तुकडा लवकर निघाला तर मोठा ठिपका, उशिरा निघाला तर बारीक. म्हणजे दाण्यावरचा ठिपका हे एक घड्याळच झालं. मॅक्लिंटॉक कणसाकडे बघून ते वाचू शकत. शिवाय हा तुकडा आपणहून हलत नाही, त्याला हलवायला दुसरा एक घटक लागतो, हेही त्यांनी केवळ संकर करून आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघून शोधलं. डीएनएची रचना तेव्हा कुणालाच माहीत नव्हती.

केलर या भागात उत्तम लिहितात. त्या स्वतः भौतिकशास्त्राकडून आलेल्या, त्यामुळे बाहेरच्याला कुठे अडखळायला होतं हे त्यांना बरोबर कळतं. मक्याचं पीक वर्षातून जेमतेम एकदोनदा घेता येतं, तर जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. नव्या पिढीचे शास्त्रज्ञ जिवाणूंकडे वळले आणि मक्याची भाषा येणारे थोडे उरले, हे त्यांचं निरीक्षण पटतं.

अडचण पुढे आहे. ‘कुणी ऐकलंच नाही’ हा सूर पुस्तकभर इतका घुमतो की बाकीचं ऐकू येईनासं होतं. मॅक्लिंटॉक १९४४ सालीच अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीवर निवडून गेल्या होत्या. १९४५ साली त्या जेनेटिक्स सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. बाई म्हणून त्यांना अडथळे आले, कॉर्नेलमध्ये कायमची प्राध्यापकी मिळाली नाही, हे खरंच आहे. पण १९५१ साली व्याख्यानाला उभी राहिली ती कुणी अनोळखी वेडी बाई नव्हती.

नॅथॅनिएल कॉम्फर्ट यांनी ‘द टँगल्ड फील्ड’ (२००१) या पुस्तकात ही गाठ सोडवली आहे. जनुकीय घटक जागा बदलतात हे मक्यावर काम करणाऱ्यांनी फार वाद न घालता मान्य केलं होतं. विस्कॉन्सिनमध्ये ब्रिंक यांना काही काळातच तसंच आढळलं. लोकांना पटलं नाही ते वेगळंच. हे घटक जीवाच्या वाढीचं नियंत्रण करतात, कुठलं जनुक केव्हा चालू व्हायचं ते ठरवतात, असा मॅक्लिंटॉक यांचा सिद्धांत होता. त्यांना जास्त मोलाचा वाटायचा तोच. नोबेल मात्र मिळालं ते ‘फिरत्या जनुकीय घटकां’साठी.

एवढा कीस कशाला, असं कुणी म्हणेल. कारण ‘आधी हसले, मग नोबेल’ हा साचा फार सोयीचा आहे. कुठल्याशा काढ्याने डीएनए दुरुस्त होतो असं सांगणाराही हाच साचा वापरतो: ‘मॅक्लिंटॉकलाही हसलेच होते!’ हसणं हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे वर्षानुवर्षांच्या संकरांच्या नोंदी, आणि तो दुसऱ्याच्या शेतातही मिळाला. केलर यांना असला वापर नक्कीच नको होता. पण चरित्र लिहिताना एकाकीपणावर इतका प्रकाश टाकला की नोंदवह्या अंधारात जातात.

मला शीर्षकाबद्दलही बोलायचं आहे. ते मराठीत आणायचं म्हटलं की चटकन सुचतं ‘जीव लावणं’. गंमत म्हणजे आपल्याकडे ‘ऑर्गॅनिझम’लाही जीवच म्हणतात, त्यामुळे ते अगदी चपखल बसल्यासारखं वाटतं. पण मला तो शब्द इथे फसवा वाटतो. जीव लावणारा माणूस जपतो. मॅक्लिंटॉक यांनी मक्यावर क्ष-किरण सोडले, गुणसूत्रं मोडलेली रोपं मुद्दाम वाढवली, पेशी काचपट्टीवर दाबून चपट्या केल्या. त्यांना एकेक रोप ओळखता येई हे खरं, पण ते लाडाने नव्हे, तर रोपाची सगळी कुळी ठाऊक असल्यामुळे. ‘बायकांचं विज्ञान मायाळू असतं’ असा अर्थ या शीर्षकातून अनेकांनी काढला. मॅक्लिंटॉक यांच्या कामावर तो अन्यायच आहे, कारण त्यात त्यांचं गणित आणि चिकाटी दोन्ही गायब होतात. मी भाषांतर केलं तर ‘जिवाची जाण’ म्हणेन. थोडं कोरडं आहे, पण चालेल.

पुस्तक मिळालं तर जनुकांच्या स्थलांतरावरचं प्रकरण आधी वाचा. मोबाइलवर सरकवत वाचून ते कळणार नाही. कागद-पेन्सिल घ्या, गुणसूत्राची एक रेघ ओढा, त्यावर दोन खुणा करा आणि कोण कुणाला हलवतंय ते स्वतः काढून बघा. मला तीन कागद लागले.