सात नोव्हेंबरचा फळा

बहुतेक शाळांच्या दर्शनी फळ्यावर रोज दोन गोष्टी लिहिलेल्या असतात : वर सुविचार आणि खाली दिनविशेष. सुविचाराबद्दल मला काही म्हणायचे नाही. दिनविशेषाबद्दल मात्र थोडी तक्रार आहे.

उदाहरण म्हणून ७ नोव्हेंबर घेऊ. या तारखेला मारी क्युरी (१८६७), लीझ माइटनर (१८७८) आणि चंद्रशेखर वेंकट रामन (१८८८) यांचा जन्म झाला. रशियन क्रांती याच दिवशीची (१९१७), आणि त्या क्रांतीचा एक नेता ट्रॉट्स्की याचा जन्मही (१८७९). १९०० साली याच दिवशी लहानगा भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. २०१७ पासून महाराष्ट्रात हा विद्यार्थी दिवस आहे. परिपाठात एखादा विद्यार्थी ही सगळी यादी एका दमात वाचतो, आणि ऐकणाऱ्यांना वाटते की या तारखेतच काहीतरी असले पाहिजे. तीन-तीन भौतिकशास्त्रज्ञ! भविष्य सांगणाऱ्याला आणखी काय हवे?

खरे तर यात नवल काही नाही. वर्षाचे दिवस ३६५ आणि नाव घेण्याजोगी माणसे हजारो. त्यामुळे कोणतीही तारीख रिकामी राहत नाही. वर्गात २३ मुले असली तरी त्यांतल्या कोणा दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. ४० मुले असतील तर ती शंभरात सुमारे ८९ होते. शाळेतल्या सगळ्या तुकड्यांचे पट घेऊन हे पडताळून पाहता येते.

मात्र त्यासाठी जुने जनरल रजिस्टर काढू नका, फसाल. त्यात १ जूनला जन्मलेल्यांची गर्दी असते. कारण आपणा सर्वांना माहीत आहे. घरी जन्माची नोंद नाही, शाळा जूनमध्ये सुरू होणार, वय तर बसवायचे. मग गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. आपल्या कित्येक ज्येष्ठांचे निवृत्तीचे वर्ष अशा एका टाकाच्या फटकाऱ्याने ठरले. तारीख ही घटना नसते, घटनेची कोणीतरी केलेली नोंद असते, हे शिक्षकांइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

माइटनर यांचेच पाहा. व्हिएन्नातील ज्यू समाजाच्या जन्मनोंदवहीत त्यांची तारीख १७ नोव्हेंबर आहे. त्या स्वतः ७ नोव्हेंबर पाळत. नोंदवही खरी मानली तर आपल्या तिघांतील एक नाव गळते.

ट्रॉट्स्कीची गोष्ट तर गणिताच्या तासालाच घ्यावी अशी आहे. त्या काळी रशियात ज्युलियन कालगणना चालू होती. तिच्याप्रमाणे त्याचा जन्म २६ ऑक्टोबरचा आणि क्रांती २५ ऑक्टोबरची, म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. मग आपल्या कालगणनेत दोन्ही ७ नोव्हेंबरलाच कशा आल्या? ज्युलियन पद्धतीत १९०० हे लीप वर्ष होते, ग्रेगरियन पद्धतीत नव्हते. त्यामुळे दोन्हींतला १२ दिवसांचा फरक त्यानंतर १३ झाला. १८७९ च्या तारखेत १२ मिळवायचे, १९१७ च्या तारखेत १३. योगायोग घडला तो पेट्रोग्राडमध्ये नव्हे, बेरजेत.

इथपर्यंत गंमत झाली. पण रामन यांच्या बाबतीत दिनविशेष खरे नुकसान करतो. त्यांच्या नावाने आपण वाढदिवस नव्हे, शोधाचा दिवस पाळतो : २८ फेब्रुवारी १९२८. त्या दिवशी कोलकात्यात रामन यांनी विखुरलेल्या प्रकाशाचे वर्णपटदर्शकातून निरीक्षण केले, हे खरेच. परंतु एका नव्या प्रकारच्या विकिरणाविषयी ‘नेचर’ला पाठवलेल्या त्यांच्या पत्रावर तारीख आहे १६ फेब्रुवारी! त्या पत्रावर के. एस. कृष्णन यांचेही नाव आहे, आणि प्रकाशाच्या विकिरणावरचे काम रामन आणि त्यांचे विद्यार्थी १९२१ पासून करत होते. सात वर्षांची चिकाटी आणि अनेकांचे हात एका तारखेत कोंबले की मुलांना शोध म्हणजे वीज चमकल्यासारखा वाटतो. कृष्णन यांचे नाव मी तरी विज्ञान दिनाच्या फळ्यावर क्वचितच पाहिले आहे.

आणि जिथे तारीखच नाही तिथे फळा गप्प बसतो. १९३८ च्या डिसेंबरात, जर्मनीतून परागंदा झालेल्या माइटनर स्वीडनमध्ये होत्या. भाचा ऑटो फ्रिश याच्यासह बर्फात फिरताना, हान आणि स्ट्रासमान यांच्या प्रयोगात युरेनियमचे केंद्रक दुभंगले असले पाहिजे, हे त्यांनी गणित मांडून ओळखले. १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्या हान यांना मिळाले. माइटनर यांना कधीच मिळाले नाही. ‘न मिळालेले पारितोषिक’ कोणत्या तारखेखाली लिहिणार?

फळा पुसा असे मी म्हणत नाही. येत्या ७ नोव्हेंबरला पाच नावांऐवजी एकच लिहा, लीझ माइटनर, आणि पुढे दोन तारखा : ७ की १७? परिपाठानंतर मुले काय विचारतात ते पाहू.