'कोप' म्हटलं की प्रश्नच संपतो

३० सप्टेंबर आला की लातूर-नांदेडकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर किल्लारी फिरू लागते. कविता, लेख, जुने फोटो. त्यातल्या बहुतेक मजकुरात एक शब्द ठरलेला असतो : निसर्गाचा 'कोप'. माझा आक्षेप या शब्दाला आहे.

१९९३ साली गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पण जमिनीने नाही, घरांनी मारलं. लाव्हापासून बनलेला काळा दगड मातीत रचून उभारलेल्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं हे घर हादऱ्यात टिकण्यासारखं नव्हतं. आदल्या वर्षीही तिथे धक्के बसले होते. शोककवितेत यातलं काही येत नाही. कोपाला कारण कोण विचारणार?

प्रशांत महासागरातलं, पापुआ न्यू गिनीतलं राबाउल बंदर किल्लारीशेजारी ठेवून पाहा. ज्वालामुखींच्या कुशीत वसलेलं गाव. १९३७ च्या उद्रेकात पाचशेच्या आसपास बळी गेले. १९४२ मध्ये जपानने ते घेतलं, मग दोस्तराष्ट्रांच्या बॉम्बनी भाजून काढलं. १९ सप्टेंबर १९९४ ला, किल्लारीला वर्ष होत आलं असताना, तिथले दोन ज्वालामुखी पुन्हा फुटले. राखेच्या ओझ्याने छपरं बसली, शहर गाडलं गेलं. माणसं मात्र बहुतेक वाचली, कारण धक्के वाढताच ती आदल्या रात्रीच निघाली होती. १९३७ ची आठवण तिथे रडण्यापुरती नव्हती. कधी निघायचं, हेही ती सांगत होती.

आपल्याकडे असं लिहिणारे नाहीत, असं नाही. हैदराबादच्या लढ्यावर नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी लिहिलं, ते जयजयकारावर न थांबता कारणं तपासत. किल्लारीवर लातूरच्या अतुल देऊळगावकरांचं 'डळमळले भूमंडळ' आहे. फॉरवर्ड मात्र कविताच होते.

रडू नये, असं मी म्हणत नाही. पण ज्या घरात बसून आपण ती कविता वाचतो, त्या घराच्या कॉलममध्ये सळई किती आणि कशी बांधलीय, हा प्रश्न वाचून पडत नसेल, तर ती कविता मला अपुरी वाटते.